चार नंबरच्या पैलूवरचा ओरखडा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या सोनईत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आई म्हणायची, हिला शाळेत कशाला घालता, मिरची कांडपाच्या गिरणीत बसवा, वेगळी मिरची लागायची नाही. या रागापायी मी बरीच माणसं दुखावली, आणि बहुतेकांनी वेळ आल्यावर मला त्याचं उट्टं काढून दाखवलं. त्यांचंही काही चुकलं नाही. फक्त एका बाईंनी तसं केलं नाही. त्यांचं नाव भागिरथी रंभाजी भिंगारदिवे. कॉलेजातली पोरं आणि मास्तर, सगळेच त्यांना भागिरथीमावशी म्हणायचे.

सात वर्षांपूर्वी मी नगरच्या एका कॉलेजात पीएचडी करत होते, आणि मावशी आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायच्या. कागदोपत्री आता शहराचं नाव बदललं आहे, पण आम्ही बोलताना अजून नगरच म्हणतो.

मावशींचं माहेर तिसगावच्या पलीकडचं, डोंगराच्या अंगाला असलेलं. आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत पडायचं आणि शाळेच्या हजेरीपटावर भागिरथीच्या नावापुढे जी गैरहजेरी लागायची, ती ऊन तापेपर्यंत. अशी तुटक तुटक चौथीपर्यंत शाळा झाली. पण त्याबद्दल त्यांना कधी रडगाणं गाताना ऐकलं नाही. "शाळा ऱ्हायली, पन मोळी उचलाया शिकले," एवढंच म्हणायच्या. लग्न होऊन नगरला आल्या. नवरा रंभाजी आमच्याच प्रयोगशाळेत परिचर होता. माणूस हौशी असावा, कारण रोज संध्याकाळी घरी जाऊन बायकोला त्या दिवशीच्या प्रयोगाची गोष्ट सांगायचा. बीकर, फ्लास्क, ब्युरेट ही नावं मावशी कॉलेजचं तोंड बघण्याआधी शिकल्या होत्या. पुढे काविळीने रंभाजी गेला. लेक दीपा तेव्हा शाळेत होती. संस्थेने मावशींना नवऱ्याच्या जागेवर घेतलं, पण तात्पुरतं. दरवर्षी जूनमध्ये नवा आदेश निघायचा आणि त्यावर तोच शब्द असायचा, तात्पुरती. अशी आठ वर्षं झाली होती.

मावशींचं काचसामान धुणं म्हणजे बघत बसावं असं काम. तीन पाण्यांतून काढायच्या. तिसरं पाणी ओतलं की बीकर उजेडाकडे धरून बघायच्या. पाणी काचेवरून सरळ, एकसंध उतरलं तर ठीक. कुठे एक जरी थेंब अडकून बसला, तर बीकर परत पहिल्या पाण्यात. मी एकदा घाईत होते, म्हटलं, "अहो मावशी, चालतंय आता, द्या." त्यांनी दिला नाही. म्हणाल्या, "थेंब अडला म्हंजी तिथं मळ हाय, ताई. मळाबिगर काय अडत न्हाई." आणि खरंच, काच निर्मळ आहे की नाही हे ओळखायची याहून चांगली खूण आजही कुणाकडे नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना तीच सांगते.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगते. घाबरू नका, तुरटीच आहे. दाढी झाल्यावर न्हावी फिरवतो ती. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवली आणि पाणी सावकाश थोडं गार होऊ दिलं, की जास्तीची तुरटी बाहेर पडायला बघते. त्यात दोऱ्याला बांधून तुरटीचा एक बारीक खडा सोडला, तर ती त्याच्यावर येऊन बसते आणि खडा वाढतो. वाढताना तो वेडावाकडा वाढत नाही. आठ त्रिकोणी पैलूंचा, पारदर्शक, अगदी दागिन्यात बसवावा असा स्फटिक होतो. माझं काम एवढंच, की हे पैलू रोज किती पुढे सरकतात ते मोजायचं. पाण्याचं तापमान दिवसरात्र एकच ठेवणारं काचेचं एक टाकं होतं, त्याला आम्ही बाथ म्हणायचो. बाथमध्ये स्फटिक टांगलेला, बाहेर सूक्ष्मदर्शक. रोज सकाळी अकराला नोंद.

आठही पैलू एकाच जातीचे, एकाच द्रावणात, एकाच तापमानाला. म्हणजे सगळे सारखे वाढायला हवेत. पण माझ्या स्फटिकाचा एक पैलू, ज्याला मी चार नंबर दिला होता, तो हलायलाच तयार नव्हता. बाकीचे सात दिवसाला केसाच्या जाडीइतके सरकायचे, कुणी थोडा कमी, कुणी थोडा जास्त. चार नंबर मात्र ठणठणीत, आरशासारखा गुळगुळीत, आणि जिथल्या तिथे. तीन आठवडे झाले. माझे मार्गदर्शक ढाकणे सर रोज येऊन वही बघायचे आणि रोज एकच म्हणायचे, "तुझ्या नोंदीत गोंधळ आहे, राजेश्वरी. बाथ नीट हलवत नसशील, नाहीतर नीट मोजत नसशील." मार्चअखेरीला माझी फेलोशिप संपणार होती. त्याआधी हाताला काहीतरी लागलं नाही, तर सोनईला परत जाऊन घरच्यांनी बघून ठेवलेल्या स्थळांच्या रांगेत उभं राहायचं, असा करार होता. वडिलांनी दोन वर्षं दिली होती, त्यातली पावणेदोन संपत आली होती.

त्यातच डिसेंबरात चुलत बहिणीचं लग्न निघालं. तीन दिवस सोनईला जाणं भाग होतं. निघताना मी बाथपाशी उभी राहून त्या चार नंबरकडे असं बघत होते, की तो स्फटिक नसून माझा सावत्र भाऊ असावा. मावशी शेजारी फडक्याने टेबल पुसत होत्या. त्यांनी विचारलं, "ह्यो काऊन आडलाय, ताई?" मी पिशवी खांद्याला लावत काहीतरी बोलले आणि बस पकडायला पळाले. काय बोलले ते माझ्या ध्यानातही राहिलं नाही.

लग्न झालं, मी परत आले. अकराची नोंद घ्यायला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि माझं डोकंच फिरलं. चार नंबरवर ओरखडे होते. एक नाही, तीन. आरशासारख्या त्या पैलूवर कुणीतरी टोकदार वस्तूने खरवडलं होतं. तीन आठवड्यांच्या नोंदी, त्याच त्या स्फटिकाच्या, पाण्यात गेल्या होत्या.

प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे आणि मावशींकडेच असायची. मी मावशींवर अशी ओरडले, की वरच्या मजल्यावरच्या रसायनशास्त्राच्या तासाची पोरं खिडकीत आली. "तुम्हाला काय कळतं यातलं? हात का लावलात?" असं बरंच काही. त्यातलं एक वाक्य फार वाईट होतं, ते मी इथे लिहीत नाही. मावशी खाली मान घालून उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "ताई, पानी प्या." त्याने तर मी आणखीच भडकले. तिरीमिरीत प्राचार्यांच्या नावे दोन पानी लेखी तक्रार केली आणि स्वतः नेऊन दिली. स्फटिक फेकून देणार होते, पण पुरावा म्हणून लागेल, या दुष्टपणाने तो परत बाथमध्ये टांगून ठेवला. बाथ चालूच ठेवला, कारण बंद केला तर तापमान उतरून त्याच्यावर भलतीच तुरटी चढली असती आणि ओरखडे झाकले गेले असते.

माझी तक्रार अगदी वाईट वेळी पडली, हे मला दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या कारकुनाकडून कळलं. आठ वर्षांनी मावशींची कायम करण्याची फाईल त्या महिन्यात संस्थेकडे जायची होती. फाईलला लेखी तक्रार जोडलेली असेल, तर ती फाईल परत येते आणि माणूस घरी जातो. मावशींना खुलासा मागितला गेला आणि खुलासा येईपर्यंत त्यांना प्रयोगशाळेतून काढून मैदान झाडायला लावलं. खुलासा आला तो दीपाच्या अक्षरात, खाली मावशींची सही. "सदर वस्तूस मी हात लावलेला नाही. मला याबाबत काही माहीत नाही." मी तो वाचला आणि म्हटलं, वर खोटंही बोलते बाई.

खरं सांगते, त्या आठवड्यात मला स्वतःची जरासुद्धा लाज वाटली नाही. लाज वाटली ती पुढच्या सोमवारी.

सोमवारी मी सहज, काही काम नाही म्हणून, त्या पुराव्याकडे सूक्ष्मदर्शकातून बघितलं. ओरखडे दिसेनात. मला वाटलं, डोळा चुकला. मग चार नंबरची जागा मोजली. तो सरकला होता. नुसता सरकला नव्हता, आठ पैलूंत सगळ्यांत पुढे गेला होता. मंगळवारी परत मोजला, आणखी पुढे. बुधवारी, आणखी. ओरखडे बुजून गेले तरी त्याची चाल कमी होईना.

मी खुर्चीत बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. कारण हे का होतं, ते मला माहीत होतं. एमएस्सीच्या परीक्षेत मी त्यावर दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. स्फटिकात कण थरावर थर असे रचलेले असतात. द्रावणातून आलेल्या कणाला बसायला थराची कड लागते, एक पायरी. सपाट, पुऱ्या झालेल्या थरावर तो येतो, इकडे तिकडे फिरतो आणि आधार न मिळाल्याने परत पाण्यात जातो. द्रावणात तुरटी खच्चून भरलेली असली, तर कण गर्दीनेच एकमेकांना धरून नवा थर मांडतात. पण माझं द्रावण जेमतेम भरलेलं होतं. अशा वेळी पैलू वाढतो तो त्याच्यात कुठेतरी रचना निसटलेली असेल तरच. एखादा थर जरा सरकून बसलेला असतो, तिथे पायरी तयार होते, आणि ही पायरी गोल गोल फिरत वर चढते, म्हणून कितीही कण बसले तरी ती संपत नाही. त्या निसटलेल्या जागेला डिसलोकेशन म्हणतात. माझ्या सात पैलूंना अशी जागा मूळच्या खड्यापासूनच मिळाली होती. चार नंबर निर्दोष निघाला, म्हणून तो वाढत नव्हता. ढाकणे सर म्हणत होते तसा माझ्या नोंदीत गोंधळ नव्हता, स्फटिकच तसा होता. आणि कुणीतरी टोकदार वस्तूने त्याला ओरबाडून, नकळत, हवी ती खोट घालून दिली होती.

तरी खात्री करायला मी स्फटिक काढून क्षणभर साध्या पाण्यात बुडवला. पाणी अशा निसटलेल्या जागा आधी खातं, तिथे बारीक खड्डे पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर चार नंबरवर, जिथे ओरखडे होते नेमक्या तिथे, त्रिकोणी खड्ड्यांची तीन रांगांत जत्रा भरली होती. पैलूच्या उरलेल्या भागावर एकही नाही.

हेच माझं काम होतं, सगळंच्या सगळं. आता दहा स्फटिक घ्यायचे, पाच तसेच ठेवायचे, पाचांना तसाच ओरखडा काढायचा आणि मोजायचं. पण तसाच म्हणजे कसा? कशाने काढला, किती जोर दिला, पाण्यातच की बाहेर काढून, परत कधी सोडला? हे एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि त्या माणसाने लिहून दिलं होतं, की मी हात लावला नाही.

मी मैदानावर गेले. मावशी कडुनिंबाची पानं गोळा करत होत्या. मला बघून झाडू टेकवून उभ्या राहिल्या. माझा सगळा तोरा त्या मैदानाच्या फाटकाशीच गळून पडला होता. मी सरळ म्हटलं, "मावशी, तो अडलेला पैलू वाढला. तुमच्या ओरखड्याने वाढला."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. "वाढला? खरंच? किती वाढला?"

मी सांगितलं. का वाढला, तेही जमेल तसं सांगितलं, हातवारे करून, पायरी, थर, कड. त्यांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजी फळी लागती म्हना की. आमी उसाची मोळी डोक्यावर घिऊन ट्रकात भरायचो. ट्रकाला फळी लावली तर मानूस वर जातंय. फळीच न्हाई तर मोळी घिऊन खालीच घिरट्या घालायच्या. त्याला फळी नव्हती."

माझ्या दहा गुणांच्या उत्तरात ही फळी नव्हती, आणि मला दहापैकी नऊ मिळाले होते.

"मावशी," मी म्हटलं, "आता असेच दहा खडे टांगायचेत. तुम्ही नेमकं काय केलं, ते मला हवंय. पण तुम्ही हात लावला नाही असं लिहून दिलंय. आता माझ्या वहीत लिहिलं, की तुमचा खुलासा खोटा ठरतो. तुमची फाईल आहे. नाही सांगितलंत तरी मी काही म्हणणार नाही." हे बोलताना मला त्यांनी सांगावं असं इतकं वाटत होतं, की माझ्याच चांगुलपणाची मला शरम वाटली.

मैदानाच्या पलीकडे एनसीसीची पोरं कवायत करत होती. मावशींनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"ह्या पिनंनं. पान्यातनं काडला, रुमालावर धरला. त्याच्यावर येक पांडरा ठिपका आला हुता, मोहरीयेवढा बी न्हाई. मला वाटलं ह्योच मळ, ह्याच्यापायी आडलाय. तीनदा खरवडला. ठिपका निघाला. मंग लगीच सोडला पान्यात, वाळू न्हाई दिला. तिसऱ्या डावाला वाईच जोर जास्ती झाला." मग म्हणाल्या, "लिवा तुमी. वहीत खोटं नगं. तुमीच म्हनाला हुता ना, मळ बसला आसंल, तुमीच बघा आता, म्हून."

मला आठवलं. पिशवी खांद्याला लावत, बसच्या घाईत, वैतागून मी म्हणाले होते, "मळ बसला असेल, तुम्हीच बघा आता त्याच्याकडे." थट्टेने, तोडून टाकायला. आणि ज्या बाईच्या लेखी मळाशिवाय काही अडतच नाही, तिने ते काम समजून केलं होतं. मी दोन पानी तक्रारीत "माझ्या परवानगीशिवाय" हे शब्द तीन वेळा लिहिले होते, खाली रेघ मारून.

त्या दिवशी मी दुसरं पत्र लिहिलं. अर्ध्या पानाचं. स्फटिक साफ करण्याची सूचना मीच दिली होती, ती विसरून मी तक्रार केली, तक्रार चुकीची आहे, मागे घेते. ढाकणे सरांना आधी दाखवलं. सरांनी चष्मा काढला, लावला, परत काढला. म्हणाले, "हे दिलंस तर समितीसमोर तुझ्यावर ठपका येईल. चालू प्रयोग दुसऱ्याच्या हाती सोपवून लग्नाला गेलीस, असा अर्थ होतो. फेलोशिपच्या अहवालात मला ते लिहावं लागेल." मी म्हटलं, लिहा.

लेखी तक्रार नुसती मागे घेता येत नाही, असं प्राचार्यांचं म्हणणं पडलं. सुनावणी होईल आणि दोघींचं ऐकून मग काय ते ठरेल. त्या शुक्रवारी आम्हा दोघींना बोलावलं. लांब टेबल, पलीकडे प्राचार्य, संस्थेचे दोन सदस्य आणि ढाकणे सर. मावशींनी इस्त्रीची साडी नेसली होती. त्यांना खुर्ची दिली नव्हती. मी माझी ओढून त्यांच्याकडे सरकवली, पण त्या बसल्या नाहीत.

माझं पत्र मोठ्याने वाचलं गेलं. प्राचार्यांनी मावशींना विचारलं, "हे खरं आहे? यांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

"व्हय, सायब."

"आणि तुम्ही खरवडलं?"

"व्हय. म्याच खरवडलं. कागदावर न्हाई म्हनले, ते खोटं लिवलं. त्याची माफी करा."

संस्थेच्या एका सदस्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "पण बाई, तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं असतं, की मला यांनीच सांगितलं म्हणून मी केलं. तुमची नोकरी वाचत होती. तुम्ही उलट हात लावला नाही असं खोटं का लिहिलंत?"

मलाही तेच कळत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. मावशींनी पदर नीट केला आणि टेबलाकडे बघून बोलल्या, कुणाच्या डोळ्यात न बघता.

"सायब, म्या खरं सांगितलं आसतं तर सर ताईंवर चिडले आसते. तिची मुदत संपत आली हाय, मला ठाव हाय, ती फोनवर घरी बोलती ते काम करताना ऐकू येतं. ही पोरगी येक डाव घरी गेली की परत यायची न्हाई. मी चौथीतनं गेल्ते, दिवाळीला, परत नाव घालू म्हून. न्हाई घातलं. मला काय, म्या धुनीभांडी कुटंबी करीन. हिचं काम हितंच हाय."

ढाकणे सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. ज्या बाईला मी वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलले होते, ती आठ वर्षांची आपली जागा माझ्यासाठी सोडायला निघाली होती, आणि मला कळूही न देता. मी ओक्साबोक्शी रडले. राग येतो तसं रडूही मला बेताचं येत नाही.

मावशी टेबलाच्या या बाजूने माझ्याजवळ आल्या. सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "गप, ताई. आता त्ये धा खडे कधी टांगायचे ते सांगा. धाच्या धा बीकर तीन पान्यातनं काडायला येक अख्खी दुपार जाईल."

प्राचार्यांनी तक्रार निकाली काढली आणि फाईल तक्रार न जोडता पुढे पाठवली. मला ठपका आला तो आला, सरांनी अहवालात लिहिला, आणि शेवटच्या ओळीत मुदत सहा महिने वाढवून मिळावी असंही लिहिलं. वडिलांना मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं, स्वतःच्या तक्रारीसकट. ते मग म्हणाले, "त्या बाईंना एकदा घरी घेऊन ये." पण मावशींना सवड नव्हती. सोमवारी सकाळी त्या प्रयोगशाळेत परत आल्या होत्या, आणि मी अकराच्या नोंदीला पोचले तेव्हा नळाखाली सातवा बीकर चालला होता.